‘ओके’ दाबण्याआधी पार्टीला विचारलंत का?

दिवाळी आटोपली की रत्नागिरीत कर्जाचा हंगाम सुरू होतो. मोहोराला अजून अवकाश असतो, पण काजू कारखानदाराला कच्च्या बीसाठी पैसे उभे करायचे असतात, कॅनिंगवाल्याला डबे नि साखर भरून ठेवायची असते, गणपतीपुळ्याच्या होमस्टेवाल्याला नाताळाआधी रंगरंगोटी उरकायची असते. पूर्वी यासाठी बँकेच्या साहेबाकडे फायली घेऊन खेपा माराव्या लागत. आता एखादा तरुण टॅब घेऊन थेट गाळ्यात येतो. मोबाइल नंबर विचारतो, ओटीपी घेतो, आणि पडदा पुढे सरकवून म्हणतो, “काका, इथे फक्त ओके करा.”

माझं सांगणं त्या ओकेपुरतंच आहे. कर्ज घ्यावं की नाही, व्याज परवडतं का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण धंद्याची माहिती देताना दाबलेला ओके तुमच्या एकट्याचा नसतो, आणि हे गाळ्यात आलेला मुलगा तुम्हाला सांगत नाही. बहुतेक वेळा त्यालाही ते ठाऊक नसतं.

जीएसटीच्या कायद्यात व्यापाऱ्याने भरलेली माहिती गुप्त राहावी यासाठी कलम १५८ होतंच. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला लागून कलम १५८-ए घातलं आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ते लागू झालं. व्यापाऱ्याने संमती दिली तर जीएसटीचं पोर्टल त्याची माहिती दुसऱ्या प्रणालीला देऊ शकेल, असं ते कलम म्हणतं. ही दुसरी प्रणाली म्हणजे आधी ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’, आणि फेब्रुवारी २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा कर्जासाठीचा सार्वजनिक मंचसुद्धा, ज्याला आता यूएलआय म्हणतात. नोंदणीचा अर्ज, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी ही तीन कागदपत्रं या वाटेने जाऊ शकतात.

आता त्याच कायद्याखालचा नियम १६३ बघा. जीएसटीआर-१ द्यायला संमती देणाऱ्याने, त्या काळात ज्यांना ज्यांना बिलं, क्रेडिट नोट, डेबिट नोट दिल्या त्या सगळ्या खरेदीदारांची संमती आधी घेतलेली असली पाहिजे. आणि त्याने स्वतः एकदा हो म्हटलं, की त्या सगळ्या खरेदीदारांनीही हो म्हटलं असं धरलं जातं.

हे वाक्य पुन्हा वाचा. तुमची पन्नास गिऱ्हाइकं कोल्हापूर, बेळगाव, वाशी, सुरत इथे आपापल्या दुकानात बसलेली आहेत. त्यांना फोन गेलेला नाही, मेसेज गेलेला नाही. तुम्ही रत्नागिरीत चहा पिता पिता बोट टेकवलंत, आणि कायद्याच्या लेखी त्या पन्नास जणांनी मान डोलावली. शिवाय १५८-ए मध्येच पुढे असंही म्हटलं आहे, की माहिती दिल्यामुळे काही जबाबदारी उद्भवली तर सरकारवर किंवा पोर्टलवर दावा लावता येणार नाही. मग कुणी विचारायला आलं, तर ते तुमच्याकडेच येणार.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, नकोच ती भानगड, आपला जुना तारणाचा मार्ग बरा. तसं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट या सोयीची गरज महाराष्ट्रात कुणाला असेल तर ती कोकणाला आहे. आपल्याकडचा सातबारा कसा असतो ते वेगळं सांगायला नको. पणजोबांच्या नावावरची जमीन, त्यावर चौदा सहहिस्सेदार, त्यातले नऊ मुंबईला, एक बडोद्याला, दोघांचे वारस लागलेले नाहीत. बाग तुम्ही राखता, फवारणी तुम्ही करता, पण ती तारण ठेवायची तर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि त्या सह्या गणपतीला सगळे घरी आले तरी होत नाहीत. अशा माणसाचा धंदा कितीही चोख असो, तारणाअभावी बँक त्याला दारातूनच परत पाठवते. विक्री किती, पैसे खात्यात वेळेवर येतात का, कर वेळेवर भरला का, हे बघून कर्ज देणारी पद्धत रुळली तर सामाईक सातबाऱ्याची ही अडचण निदान खेळत्या भांडवलापुरती तरी टळते. म्हणून ही वाट चालू राहिली पाहिजे. पण तिच्यावरून डोळे मिटून चालू नये, एवढंच.

ही वाट चालते कशी, ते थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१६ मध्ये अकाउंट अ‍ॅग्रिगेटर नावाच्या नव्या जातीच्या कंपन्यांसाठी निर्देश काढले. २०२१ च्या सप्टेंबरात बँका जोडून काम प्रत्यक्ष सुरू झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये जीएसटीचं जाळंही माहिती देणारं म्हणून त्यात आलं. वनमनी, कॅम्सफिनसर्व्ह, अनुमती, पुण्याची फिनव्हू ही त्यातली काही नावं. या कंपन्या म्हणजे मधला निरोप्या. माहिती त्यांच्या हातून कुलूपबंद जाते, त्यांना ती वाचता येत नाही आणि साठवताही येत नाही. घेणारी संस्था रिझर्व्ह बँक, सेबी, विमा किंवा पेन्शन नियामकाच्या देखरेखीखालचीच असावी लागते. बँक स्टेटमेंटची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, तिचा पासवर्ड खालच्या मेसेजमध्ये लिहायचा, आणि मग ती कुणाकुणाकडे फिरते याचा पत्ताच नसायचा. त्या रिवाजापेक्षा हे शंभर पटीने बरं.

तेव्हा वाट चांगली आहे. तिच्यावरून काय काय पाठवता, ते बघायला हवं.

जीएसटीआर-३बी आणि जीएसटीआर-१ यात मोठा फरक आहे, आणि तो ओके दाबणाऱ्या बऱ्याच जणांच्या लक्षात नसतो, कारण दोन्ही रिटर्न टॅक्सवालाच भरतो. ३बी म्हणजे महिन्याची गोळाबेरीज: एकूण विक्री एवढी, कर एवढा, क्रेडिट एवढं, भरले एवढे. त्यात एकाही गिऱ्हाइकाचं नाव नसतं. जीएसटीआर-१ मध्ये मात्र दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेली प्रत्येक विक्री बिलवार असते. त्याचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम, सगळं. बारा महिन्यांचे जीएसटीआर-१ शेजारी शेजारी मांडले, तर तुमची मोठी पार्टी कोण, ती कुठल्या महिन्यात उचल करते, कोण नव्याने लागला, कोण तुटला, हे तुमच्या मुलालाही माहीत नसेल इतक्या बारकाईने दिसतं.

आपल्याकडे माणूस एकवेळ घरातलं भांडण चारचौघांत बोलेल, पण पार्टीचं नाव आणि तिला दिलेला भाव बोलणार नाही. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत दोन काजूवाले शेजारी शेजारी असतात, एकमेकांच्या लग्नात पंगतीला असतात, आणि तरी एकाचा ट्रक कुठे चालला ते दुसऱ्याला कळू नये म्हणून काळजी घेतात. तेच गृहस्थ टॅबवर तीन वर्षांचा जीएसटीआर-१ एका बोटाने देऊन मोकळे होतात.

आणि आता बाजू पालटून बघा. तुम्ही जसे विकणारे, तसेच घेणारेही आहात. समजा तुम्ही आंब्याचा रस डबाबंद करता किंवा पेट्या भरून पाठवता, आणि पुठ्ठ्याची खोकी कोल्हापूरच्या एका कारखानदाराकडून घेता. त्याने स्वतःच्या कर्जासाठी ओके दाबला. त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये तुमचं बिल आहे: एप्रिलात एवढ्या हजारांची खोकी, मे महिन्यात एवढ्यांची. खोक्यांवरून माल मोजायला कुणा पंडिताची गरज लागत नाही. यंदा तुमचा हंगाम निम्म्यावर आला हे तुमच्या आधी त्याच्या बँकेला कळू शकतं, आणि ती बँक उद्या तुमचीही असू शकते. तुम्हाला विचारलं कुणी? कुणीच नाही. नियम तर म्हणतो, तुमची संमती आहे.

नियम करणाऱ्यांना दोष देण्यात मला फारसा रस नाही. हजारो बिलांमागे हजारो संमत्या वेगवेगळ्या मागायच्या, तर एकही कर्ज मंजूर होणार नाही, हे उघड आहे. पण ‘आधी विचारलेलं असावं’ एवढं लिहून, विचारल्याचा पुरावा कुणी न मागता पुढे जाणं, हा सोयीचा उपाय झाला. त्याचा भार छोट्या व्यापाऱ्यावर आला आहे. तो भार हलका करायचा तर काही कामं आपणच करायला हवीत.

पहिलं काम गिऱ्हाइकांचं. नेहमीच्या, नोंदणीकृत खरेदीदारांना वर्षातून एकदा साधा निरोप पाठवा आणि त्याचं उत्तर जपून ठेवा. भाषा काय असावी? अशी चालेल: ‘आमच्या फर्मला खेळत्या भांडवलाचं कर्ज घेताना बँकेला किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेला अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमार्फत आमचे जीएसटीआर-१ द्यावे लागू शकतात. त्यात आपल्या नावे केलेल्या बिलांचा तपशील असतो. एप्रिलपासून मार्चपर्यंतच्या बिलांसाठी आपली संमती असल्यास कृपया ‘संमती आहे’ असं उत्तर द्यावं.’ ईमेल उत्तम, व्हॉट्सअ‍ॅपही चालेल, पण उत्तर आलं पाहिजे. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे’ छापून मोकळं होण्याचा मोह होईल. गप्प बसलेल्या माणसाने हो म्हटलं, असं मी तरी धरणार नाही. नियमाचा शब्दही संमती ‘घेतलेली’ असावी असाच आहे.

एखादा नाही म्हणेल. म्हणू दे. मोठ्या साखळी दुकानांच्या किंवा निर्यातदारांच्या खरेदी ऑर्डरमध्ये गोपनीयतेची अट असते. ती ऑर्डर काढून वाचा, कारण तिथे तुम्ही आधीच सही करून बसलेले असता. अशा वेळी सावकाराला सांगा, जीएसटीआर-१ मिळणार नाही, ३बी घ्या आणि चालू खात्याचं स्टेटमेंट घ्या. नियम १६३ मधली खरेदीदारांच्या संमतीची अट जीएसटीआर-१ पुरती आहे, ३बीला ती लागत नाही. खेळत्या भांडवलाच्या छोट्या कर्जाला विक्रीचा आकडा आणि खात्यातली आवक एवढं बघून भागण्यासारखं असतं. ते न मागता सगळंच मागायची सवय लागली आहे, कारण मागायला खर्च येत नाही. तुम्ही विचारलंत तर निदान उत्तर तरी द्यावं लागेल. संमतीही ठरावीक करकालावधीची असते. सहा महिन्यांत काम भागत असेल तर तीन वर्षं कशाला?

ज्यांची विक्री थेट गिऱ्हाइकाला होते, म्हणजे किराणा दुकान, खानावळ, होमस्टे, त्यांना हा त्रास जवळजवळ नाही. त्यांच्या जीएसटीआर-१ मध्ये किरकोळ विक्री एकत्र आकड्यातच जाते. आणि जो बागायतदार फक्त स्वतःच्या बागेतला ताजा आंबा विकतो, त्याला जीएसटीची नोंदणीच लागत नाही. त्याच्यासाठी प्रश्न बँक खात्याच्या माहितीपुरता राहतो. त्यांनी हा भाग सोडून पुढचा वाचावा, कारण पुढचा सगळ्यांनाच लागू आहे.

धंद्यातला ओके नक्की दाबतो कोण?

एकट्याची मालकी असेल तर प्रश्न सोपा. भागीदारी असेल तर नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याने प्रत्येक भागीदार हा फर्मचा प्रतिनिधी असतो, आणि रोजच्या धंद्याच्या ओघात त्याने केलेलं फर्मला बांधतं. दोन भावांची फर्म आहे, मोठा वाशीला दलालांकडे गेलाय, धाकट्याने गाळ्यात ओके दाबला; मोठ्याला कळेल तेव्हा दोन वर्षांची विक्री बँकेत पोचलेली असेल. त्यातून भांडण उभं राहिलं तर ते माहितीचं राहत नाही, ‘मला न विचारता’ या जुन्याच वळणावर येतं. कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव हवा. बचत गटाचं खातं अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सहीने चालतं. मग माहिती द्यायला एकीचा ओटीपी का पुरावा? अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची मूळ रचना एकाच माणसाने चालवायच्या खात्याला धरून आहे. तुमच्या खात्यावर दोन सह्या लागत असतील, तर ते खातं या वाटेने जोडता येतं का, आणि कुणाच्या संमतीने, हे आपल्या शाखेत आधी विचारून घ्या.

ऑस्ट्रेलियात हाच प्रश्न त्यांनी जरा आधी सोडवायला घेतला. तिथे २०२० च्या जुलैपासून बँकांची माहिती ग्राहकाच्या संमतीने दुसऱ्याला देण्याचा कायदेशीर हक्क लागू झाला. कंपनी किंवा भागीदारी असेल, तर तिने बँकेला आधी आपला प्रतिनिधी नेमून द्यायचा; त्या नेमलेल्या माणसानेच संमती द्यायची. २०२३ मध्ये धंद्यांसाठी आणखी एक बदल झाला: व्यक्तीची संमती एका वेळी बारा महिन्यांपुरती असते, धंद्याला ती सात वर्षांपर्यंत देता येते, आणि आपल्या हिशेबनीसाला माहिती द्यायचीही सोय झाली. सात वर्षं मला फार वाटतात. पण प्रतिनिधी आधी नेमायचा, ही पद्धत आपण कुठल्याही कायद्याची वाट न बघता उद्यापासून पाळू शकतो. भागीदारांनी एका कागदावर लिहायचं, फर्मची माहिती बाहेर द्यायची संमती अमुक माणूस देईल, एवढ्या रकमेच्या वरच्या कर्जाला दोघांना विचारून देईल. खाली सगळ्यांच्या सह्या.

मग येतो मोबाइल नंबर, आणि इथे आपली खरी पंचाईत आहे. रामआळीत किंवा मारुती आळीत कुठल्याही टॅक्सवाल्याच्या ऑफिसात जरा वेळ बसून बघा. टेबलावर तीन-चार साधे फोन, प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी पट्टी, पट्टीवर बॉलपेनने गिऱ्हाइकांची नावं. कारण नोंदणी करताना ‘तुम्हीच तुमचा नंबर टाका, आम्हाला कुठे ओटीपी बघता येतात’ असं म्हणून आपणच ते त्यांच्यावर टाकलेलं असतं. टॅक्सवाला प्रामाणिक असतो, बहुतेक असतातच. पण धंद्याच्या संमतीची किल्ली त्याच्या खणात आहे, हे तुम्हाला आठवतं का? त्याच्याकडचा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला की तो फोन कुणाकडे जातो?

जीएसटीच्या पोर्टलवर प्राधिकृत सहीदाराचा मोबाइल आणि ईमेल बदलायला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. साधी दुरुस्ती म्हणून ती होते. फर्मच्या नावाने एक सिम घ्या, ते मालकाच्या घरी किंवा गल्ल्यात राहू द्या, आणि तोच नंबर जीएसटीला, बँकेला, उद्यम नोंदणीला द्या. टॅक्सवाल्याला रिटर्न भरताना ओटीपी फोनवर सांगावा लागेल. तो कुरकुर करेल. करू दे.

आणखी एक दार आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. सगळेच सावकार अकाउंट अ‍ॅग्रिगेटरच्या वाटेने येत नाहीत. काही अ‍ॅप तुमचं जीएसटी पोर्टलचं युजरनेम विचारतात आणि ओटीपी मागतात. हा रस्ता पोर्टलच्या प्रोफाइलमधल्या ‘मॅनेज एपीआय अ‍ॅक्सेस’ या खिडकीतून जातो. ती खिडकी काही तासांपासून ३० दिवसांपर्यंत उघडी ठेवता येते. रिटर्नच्या सॉफ्टवेअरसाठी ती उघडावी लागते हे खरं, पण एकदा उघडली की बऱ्याच ठिकाणी तीस दिवस संपले की पुन्हा तीस असं चालू राहतं. अकाउंट अ‍ॅग्रिगेटरच्या पडद्यावर माहिती कोण मागतंय, कशासाठी, हे लिहावंच लागतं. इथे तुम्ही ओटीपी दिलात की दिलात. शक्य असेल तिथे पहिला रस्ता धरा, आणि कर्जासाठी कुणी पोर्टलचा पासवर्डच मागितला तर त्याला दारातून परत पाठवा.

आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांचा कारभार मोठा आहे, त्यांच्याबद्दल वेगळं सांगायला हवं. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नाहीत, त्यामुळे अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमधून त्यांना माहिती मिळत नाही. तिथे अजून झेरॉक्सचंच राज्य आहे. तसं असलं तरी हिशेब तोच: ३बीच्या प्रती स्वतः डाउनलोड करून द्या, प्रत्येक पानावर ‘अमुक कर्जप्रकरणासाठी’ असं लिहून तारीख टाका, आणि जीएसटीआर-१ मागितला तर का, ते विचारा. संचालक मंडळात तुमच्याच बाजारातले दोन व्यापारी बसलेले असू शकतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता तो पडदा. टॅबवर ओके दिसतो तो मोठ्या हिरव्या बटणात; वाचायचं असतं ते त्याच्या वरच्या करड्या, बारीक ओळींत. टॅब त्या मुलाच्या हातातून स्वतःच्या हातात घ्या, चष्मा लावा. माहिती घेणाऱ्याचं नाव अ‍ॅपचं आहे की खऱ्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं? कारण काय लिहिलंय: एकदाच कर्जाचा निर्णय, की कर्ज फिटेपर्यंत खात्यावर नजर? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची माहिती? एकदाच घेणार, की दर महिन्याला? संमती संपते कधी? आणि घेतलेली माहिती ते ठेवणार किती दिवस? हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. अनेक खाती दिसत असतील तर नको असलेल्यांसमोरची खूण काढता येते. बायकोच्या नावाचं किंवा तुमचं खासगी बचत खातं धंद्याच्या कर्जासाठी जोडायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. पडदा इंग्रजीत असेल आणि समजत नसेल, तर फोटो काढा, त्या मुलाला चहा पाजा, आणि उद्या ये म्हणून सांगा. कर्ज एका दिवसाने पळून जात नाही.

जर अ‍ॅपच मोबाइलमधली संपर्कयादी, कॉलची नोंद किंवा फोटो बघायची परवानगी मागत असेल, तर तिथेच थांबा. सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्ज देणाऱ्यांना याला मज्जाव केला आहे. नियंत्रित संस्थांच्या कर्जअ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तिथे नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करा. सावकार बँक असेल आणि तक्रारीला ३० दिवसांत उत्तर देत नसेल, किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झालं नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांचा चौकशीचा नंबर १४४४८.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपल्याला वाचवेल, असं काही जण समजून आहेत. तो कायदा माणसाच्या माहितीसाठी आहे. तुमची एकट्याची मालकी असेल तर तुमच्याबद्दलची माहिती त्यात बसते; कंपनीची विक्री बसत नाही. उलट तुमच्या मोबाइलमध्ये किंवा संगणकात होमस्टेच्या पाहुण्यांच्या आधारचे फोटो साठवलेले असतील, तर त्यांच्यापुरते तुम्हीच माहिती बाळगणारे ठरता.

शेवटी संमती मागे घेण्याबद्दल. बँकेचं कर्ज फिटलं, नाहरकत दाखला मिळाला, तरी सातबाऱ्यावरचा बोजा कमी करायला तलाठ्याकडे जायचं आपण विसरतो, आणि मग पंधरा वर्षांनी जमीन विकताना धावाधाव होते. संमतीचंही तसंच होतं. कर्ज फिटलं तरी दर महिन्याची संमती दोन वर्षं चालू राहिलेली असते. ज्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटरमधून संमती दिली, त्याच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या सगळ्या संमत्यांची यादी असते आणि प्रत्येकीसमोर ती मागे घ्यायचं बटण असतं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे ही सोय त्यांनी द्यावीच लागते. मागे घेतल्यावर नवी माहिती जाणं थांबतं. आधी गेलेली मात्र सावकाराकडे ठरलेल्या मुदतीपर्यंत राहते. म्हणून ती मुदत आधीच कमी मागावी.

यासाठी एक वही करा. रोजकीर्दीच्या शेजारी ठेवा. तारीख, कुणाला संमती दिली, काय दिलं, कुठल्या महिन्यांचं, कधीपर्यंत, ओके कुणी दाबला, आणि शेवटचा रकाना मागे घेतल्याच्या तारखेचा. शेवटचा रकाना रिकामा असलेल्या ओळी दर एप्रिलला तपासायच्या, कारण तेव्हा हिशेब बंद होतात आणि आंब्याच्या गडबडीतही टॅक्सवाल्याची एक फेरी होतेच.

पण त्याआधी, आज संध्याकाळी दुकान बंद करताना, टॅक्सवाल्याला एक फोन करा आणि विचारा: जीएसटीला आपला नंबर कुठला टाकलाय, आणि तो फोन सध्या कुणाच्या खणात आहे?